ग्रामपंचायतीसाठीचं ‘उद्दिष्ट आणि निर्देशक’ प्रशिक्षण : जरूर जा, अन् दुसरा दिवस अजिबात चुकवू नका

पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला ते खाली सांगते. पण ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच लिहून ठेवते, तुम्ही ग्रामपंचायत सदस्य असाल, पाणी समितीवर असाल, बचत गटाच्या ग्रामसंघात असाल, किंवा गावात एवढा पैसा येतो तं त्याचं पुढे होतं काय असा प्रश्न तुम्हाला पडत असेल, तं हे प्रशिक्षण करा.

संस्थेचं नाव टाकत नाही. मला संस्थेपेक्षा त्यांनी काय शिकवलं अन् ते गावात आल्यावर कामी पडलं का, याच्यावर लिहायचं आहे. विषय असा होता की सरकारी पैशातून जी योजना चालते तिचं उद्दिष्ट नेमकं कसं लिहायचं, अन् ते पूर्ण झालं की नाही हे कशावरून ठरवायचं. या कशावरूनलाच निर्देशक म्हणतात. आमच्या बॅचमधल्या बऱ्याच जणांना सुरुवातीला वाटलं की हे ग्रामपंचायतीच्या सचिवांचं काम आहे, आपल्याला बोलावलं कायले. मला तसं वाटलं नाही कारण सह्या आमच्या असतात.

मी वाशिम जिल्ह्यातल्या एका छोट्या गावची सदस्य, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर पण आहे. प्रशिक्षण तालुक्याच्या गावी, निवासी, फी नाही, येण्याजाण्याचं भाडं मिळालं. बायांची राहायची सोय वेगळी होती, बाथरूम स्वच्छ होते, एक ताई तान्हं लेकरू घेऊन आली होती तिच्यासाठी बाजूची खोली उघडून दिली, अन् हे मला फार महत्त्वाचं वाटलं कारण याच कारणापायी आमच्याकडच्या कितीक सदस्य बाया जातच नाहीत अन् मंग त्यांच्या जागी नवरे जाऊन बसतात. नाश्त्याला तर्रीपोहे, जेवण साधं पण गरम. व्यवस्थेला पूर्ण मार्क. फक्त उद्घाटन अन् सत्कारात सकाळचा चांगला वेळ गेला, तो वेळ विषयाला मिळाला असता तं बरं झालं असतं.

आता पहिल्या दिवसाचं. सकाळच्या सत्रात सरांनी पीपीटी लावली. केंद्र सरकारने 2005-06 पासून आउटकम बजेट सुरू केलं, म्हणजे कोणत्या खात्याला किती पैसा दिला एवढंच न सांगता त्या पैशातून लोकांच्या आयुष्यात काय बदल होणार हे पण सांगायचं, मग 2017-18 पासून मोठ्या योजनांसमोर आउटपुट काय (किती काम झालं) अन् आउटकम काय (त्याने काय बदललं) हे लिहायची चौकट आली, मग जानेवारी 2018 मधे विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांसाठीचा आकांक्षित जिल्हा कार्यक्रम, त्यात आता 112 जिल्हे, विदर्भातून गडचिरोली अन् आमचं वाशिम, 5 विषय अन् 49 निर्देशक, त्यात आरोग्य-पोषणाला 30 टक्के अन् शिक्षणाला 30 टक्के वजन. हे माहिती पाहिजेच, आपल्या जिल्ह्याचं नाव ज्या यादीत आहे ती यादी कशावरून केली हे सदस्याला माहीत नसेल तं कोणाला असणार. पण तक्ता एवढा बारीक अक्षरात होता की मागच्या रांगेतल्या काकू शेवटी पुढे येऊन जमिनीवर बसल्या, अन् सर ओळीमागून ओळ वाचत राहिले. 49 वाचण्यापेक्षा एकच घ्यायचा होता. हा आकडा कोण भरतं, अंगणवाडीतून येतो की आरोग्य केंद्रातून, महिन्याला येतो की तीन महिन्यांनी, आपल्या गावाचा किती आहे अन् तो आपल्याला पाहता येतो का. एवढं केलं असतं तरी सकाळ सार्थकी लागली असती.

दुपारी दुसऱ्या मॅडम आल्या अन् प्रशिक्षण खरं तिथून सुरू झालं. त्यांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं, ‘गावातील महिलांचे सक्षमीकरण करणे’, अन् विचारलं की हे झालं की नाही हे पुढच्या वर्षी तुमच्यापैकी कोण सांगू शकेल. सगळे गप. मग त्यांनी आमच्याच गावांच्या ‘आमचं गाव आमचा विकास’ आराखड्यांच्या झेरॉक्स वाटल्या, आधीच मागवून ठेवल्या होत्या. प्रत्येकात तीच वाक्यं. पाण्याची समस्या सोडवणे, आरोग्य सुधारणे, जनजागृती करणे. आमच्याही आराखड्यात तेच. मॅडम म्हणाल्या, या वाक्यांवर कोणी कधी नापास होऊ शकत नाही, अन् जिथे नापास होता येत नाही तिथे पास झाल्याला पण काही किंमत नाही. हे मला पूर्ण पटलं अन् आजही पटतं.

मग वाक्यं बदलून लिहायला लावली. शिलाई मशीनच्या प्रशिक्षणाचं उदाहरण घेतलं. किती बायांना शिकवलं हे तं लिहाच पण तिथे थांबू नका, शिकून 6 महिने झाल्यावर त्यातल्या किती जणी महिन्याला त्यातून पैसे कमावतात ते लिहा, आज किती कमावतात ते लिहा, कोणत्या महिन्यात कोण जाऊन विचारणार ते लिहा. यातलं ‘आज किती’ हे सगळ्यात जास्त सुटतं. भरली गाडी किती अन् रिकामी गाडी किती ही दोन्ही वजनं असल्याशिवाय कापूस किती आला ते कळत नाही, अन् आपण मात्र योजनांचं नुसतं भरल्या गाडीचं वजन लिहून मोकळे होतो.

त्यानंतर शौचालयाचा विषय निघाला अन् इथे मला एक गोष्ट नव्याने समजली. स्वच्छ भारत मिशन 2 ऑक्टोबर 2014 ला सुरू झालं, पात्र घराला 12,000 रुपये, अन् आपलं राज्य ग्रामीण भागासाठी 2018 मधेच हागणदारीमुक्त जाहीर झालं. पण ते कोणत्या यादीच्या हिशोबाने, तं 2012 च्या पायाभूत सर्वेक्षणाच्या. म्हणजे 2012 नंतर जे भाऊ-भाऊ वेगळे झाले, जे कुटुंब सर्वे झाला तेव्हा ऊसतोडीला गेलेलं होतं, ज्याचं नाव लिहायचंच राहिलं, ते हिशोबात नव्हतंच. नंतर अशा सुटलेल्या घरांची वेगळी यादी करावी लागली. मॅडमनी शाळेतल्या अपूर्णांकासारखं मांडलं, वर अंश अन् खाली छेद, सगळे वरचा आकडा विचारतात की किती झाले, पण खाली कोणाकोणाला धरलं हे कोणी विचारत नाही. छेदातूनच माणसं काढून टाकली तं शंभर टक्के कधीही होतं. ज्या घरात कोणी वाचणारं नाही, जे वस्तीच्या टोकाला राहतात, तेच सुटतात. आमच्या बेड्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतल्या घरांचं असंच झालेलं मी पाहिलं आहे त्यामुळे हे ऐकताना मला राग आला, खोटं सांगत नाही.

अन् बांधलेल्या शौचालयांचं काय. फोटो काढला, अपलोड झाला, आकडा चढला. आत पऱ्हाट्या, तुराट्या, कुटाराची पोती. यात घरच्यांना दोष देऊन भागत नाही, पाणीच डोक्यावरून आणावं लागत असेल तं त्या बाईने शौचालयात रोज दोन बादल्या कशा टाकायच्या. मोजायचं होतं वापर, मोजल्या भिंती. वापर मोजणं अवघड आहे हे मान्य, पण उन्हाळ्यात एकदा अन् पावसाळ्यात एकदा घरातल्या सासूला अन् सुनेला वेगवेगळं विचारलं तरी बऱ्यापैकी खरं कळतं. हे आमच्याच बॅचमधल्या एका आशाताईने सांगितलं.

जलयुक्त शिवारवर मात्र सभागृहात जोरदार वाद झाला, शेतकरी माणसं, प्रत्येकाचं काहीतरी म्हणणं होतं. अभियान डिसेंबर 2014 ला सुरू झालं, 2019 पर्यंत टंचाईमुक्त महाराष्ट्र असं उद्दिष्ट, दरवर्षी 5,000 गावं. उद्दिष्ट म्हणून हे वाक्य वाईट नव्हतं बरं का, साल आहे, टंचाई टँकरवरून मोजता येते. पण वर्षभर मोजलं काय जात होतं, तं किती कामं झाली, किती किलोमीटर नाला खोल केला अन् किती टीसीएम (हजार घनमीटर) साठवण क्षमता तयार झाली. 2020 मधे कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या यंत्रणेचा अहवाल आला, त्यात म्हटलं की 9,600 कोटींच्या वर खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात फार कमी परिणाम दिसला. यावर एक भाऊ उठून म्हणाले, “मॅडम, 2018 ले पाऊसच कुठी होता, दुष्काळ जाहीर झाला होता, मंग काम खराब कसं म्हणता.” बरोबर आहे, त्या वर्षी राज्यात 151 तालुके दुष्काळी जाहीर झाले होते. अन् आमच्या शिवारात पण नाला खोल केल्यावर काठावरच्या विहिरींना हरभऱ्याला एक पाणी जास्त मिळालं हे मी डोळ्याने पाहिलं, त्यामुळे सगळं वाया गेलं असं मी म्हणू देणार नाही.

पण मॅडमचं उत्तर मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. त्या म्हणाल्या, भाऊंचं बरोबर, म्हणूनच आकडा एकटा लिहायचा नाही, बाजूला त्या वर्षीचा पाऊस लिहायचा, अन् जिथे काम झालं नाही अशा शेजारच्या गावाचा पण आकडा ठेवायचा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत, त्यांची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे अशी वर्षातून चार वेळा मोजतात, तोच शिरस्ता गावातल्या चार विहिरींना लावा, दोर अन् टेप एवढंच लागतं. तसं कोणत्याच गावाने केलं नव्हतं. म्हणून आज ज्याला चांगलं म्हणायचं तो चांगलं म्हणतो, ज्याला वाईट म्हणायचं तो वाईट म्हणतो, अन् आमच्या नाल्याच्या कामाने खरंच किती फायदा झाला हे मला पण कागदावर दाखवता येत नाही.

शेजारच्या गावाशी तुलना करायची म्हणजे काय हे समजवायला त्यांनी गडचिरोलीचं उदाहरण दिलं, अन् आपल्या विदर्भातलं असून मला ते पूर्ण माहीत नव्हतं. डॉ. अभय बंग अन् डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांचे मृत्यू कमी करायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे आधी मोजलं. 39 गावांत घरी जाऊन बाळाची काळजी घ्यायची अन् 47 गावं तुलनेसाठी ठेवली, दोन्हीकडे प्रत्येक जन्म अन् प्रत्येक मृत्यू लिहायचा. 1995 पासून गावातल्याच बायांना शिकवलं, बाळाचं वजन करणं, ऊब देणं, श्वास अडकला तं काय करायचं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं. तीन वर्षांत तुलनेतल्या गावांच्या मानाने नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, 1999 ला ‘लॅन्सेट’ या डॉक्टरी नियतकालिकात ते छापून आलं, अन् पुढे 2011 पासून आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या त्याच्या मागे हे काम आहे. आमच्या बॅचमधल्या आशाताईला हे ऐकून फार बरं वाटलं, ती म्हणे, “मी ज्या घरभेटीचा फॉर्म भरतो तो असा आला होय.” किती शिबिरं घेतली अन् किती पत्रकं वाटली हे त्या बायांनी नुसतं मोजलं असतं तं कोणाला काय कळलं असतं. त्यांनी लेकरू वाचलं की नाही हे मोजलं.

अन् एक उदाहरण रक्तक्षयाचं, हे थोडक्यात सांगते. अ‍ॅनिमिया मुक्त भारत, 2018, उद्दिष्ट दरवर्षी 3 टक्के अंकांनी प्रमाण कमी करायचं. आकडा आहे, मुदत आहे, मोजायची पद्धत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या बायांचं प्रमाण 2015-16 ला 48 टक्के होतं, 2019-21 च्या पाहणीत 54.2 टक्के निघालं. वाढलं. गोळ्या वाटल्याचे रजिस्टर मात्र भरलेले असतात. काही जणांनी म्हटलं की असा उलटा गेलेला आकडा सांगून लोक नाउमेद होतात. मला उलट वाटतं, हा आकडा आहे म्हणून तं आपण विचारू शकतो की गोळी पोटात गेली का, काहून नाही गेली, मळमळ होते म्हणून बाया फेकतात का, चहासोबत घेतात का. आकडाच नसता तं रजिस्टर पाहून सगळे खूश.

आता दुसरा दिवस, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. सकाळीच जवळच्या एका गावात नेलं. हातात 15 लिटरची बादली अन् मोबाइलमधलं घड्याळ. जल जीवन मिशनचं माप सगळ्यांना पाठ करून घेतलं होतं, माणशी रोज 55 लिटर, पिण्यालायक, नियमित. 15 ऑगस्ट 2019 ला मिशन जाहीर झालं तेव्हापासून चालू नळजोडणी कशाला म्हणायचं हे असंच लिहिलेलं आहे, नुसती तोटी बसवली की झालं असं नियमात कुठेच नाही. पण गावागावात विचारलं जातं ते ‘नळ किती झाले’ एवढंच.

टाकीजवळच्या घरी बादली दीड मिनिटात भरली. म्हणजे मिनिटाला 10 लिटर. एक दिवसाआड एक तास पाणी, म्हणजे दोन दिवसांत 600 लिटर. घरात 6 माणसं. माणशी रोज 50. सगळ्यात चांगल्या घरी 50, मापाच्या थोडं खालीच. मग वरच्या वस्तीत शेवटच्या घरी गेलो. तिथे तीच बादली भरायला 5 मिनिटं लागली. मिनिटाला 3 लिटर, तासाला 180, तेवढीच 6 माणसं, माणशी रोज 15 लिटर. त्या घरची आजी म्हणाली, “मोजून काय करता बाई, आमाले मालूमच हाये कमी येते ते.” आजीला माहीत होतं, पण ग्रामसभेत ती सांगायची कमी येते अन् समोरचा सांगायचा येते तं. आता 15 हा आकडा होता. तिथल्या सरपंच ताई आमच्यासोबत होत्या, त्यांनी तो वहीत लिहून घेतला अन् सरासरी काढायला कोणी सांगितलं तं म्हणाल्या सरासरी नको, हाच लिहा. मला त्या बाईबद्दल फार आदर वाटला.

सरासरीबद्दल मॅडमनी तिथेच समजावलं. 50 अन् 15 ची सरासरी काढली तं 32.5 येते, अन् गावात 32.5 लिटर मिळणारं घर एकही असेलच असं नाही. म्हणून पाण्याचं माप शेवटच्या घरावर ठेवायचं, ते सुधारलं तं मधली घरं आपोआप सुधारतात. नंतर त्याच नळाच्या पाण्यात ओटी टेस्ट करून दाखवली, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे, लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम पाहिजे. गावचं पाणी तपासणाऱ्या जलसुरक्षक भाऊंनी गावाचं कार्ड पण दाखवलं, पाण्याला धोका कमी तं हिरवं, मधला तं पिवळं, जास्त तं लाल. ही कार्डाची पद्धत मला निर्देशक म्हणून चांगली वाटते, न वाचता येणाऱ्या माणसालाही रंग कळतो.

गावात आल्यावर काय झालं ते पण सांगते, नाहीतर रिव्ह्यू अर्धा राहील. आमच्या समितीने आराखड्यातलं ‘पाण्याची समस्या सोडवणे’ खोडलं अन् लिहिलं की मार्चअखेर वरच्या वस्तीतल्या शेवटच्या नळाला माणशी रोज 55 लिटर, क्लोरीन 0.2 च्या खाली नाही, दर महिन्याला समितीतल्या दोन बाया बादली-घड्याळ घेऊन मोजतील अन् आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागेल, त्या महिन्यात टाकीखालच्या विहिरीत पाणी किती हात होतं ते पण सोबत. सचिव साहेबांनी सुरुवातीला म्हटलं की भिंतीवर कशाला, रजिस्टरमधे लिहू. आम्ही भिंतीवरच लिहिलं. ज्यांनी लाइन टाकली होती त्यांना बोलावलं, व्हॉल्व बसवून घेतला, वरच्या वस्तीचा टाइम वेगळा केला. मार्चमधे आकडा 55 ला पोचला नाही, 40 च्या आसपास होता, अन् एप्रिलमधे विहीर खाली गेल्यावर अजून खाली आला. भिंतीवर तसाच लिहिला. काही लोकांनी टोमणे मारले. पण त्याच भिंतीपायी यावेळच्या ग्रामसभेत नवीन सभामंडपाच्या आधी विहीर खोल करायचा ठराव झाला, अन् वित्त आयोगाच्या बंधित (ठरलेल्या कामालाच खर्चायच्या) निधीतून पाण्याच्या वाट्याचा पैसा तिकडे गेला, आधी कधीच एवढ्या लवकर असा ठराव झाला नव्हता.

आता जे मला पटलं नाही ते. शेवटच्या सत्रात पंचायत प्रगती निर्देशांकाची, म्हणजे ग्रामपंचायतींना ज्यावर गुण देतात त्याची यादी दिली. एप्रिल 2025 मधे त्याचा पहिला निकाल आला, त्यात 9 विषय अन् 435 स्थानिक निर्देशक होते. यादी हातात दिली अन् सत्र संपलं. राजेहो, आमच्या ग्रामपंचायतीत सचिवांकडे दुसरी पण गावं आहेत, संगणक परिचालक एक, लाइट दुपारी जाते. राज्याला अन् केंद्राला तुलना करायला एवढे निर्देशक लागत असतील, त्याला माझी ना नाही, पण गावाने स्वतःसाठी कोणते पाच-सहा निवडायचे हे त्यांनी बसून करून घ्यायला पाहिजे होतं. जे बादलीने, घड्याळाने, वजनकाट्याने, हजेरीपटावरून गावातला कोणी पण मोजू शकतो तेवढेच घ्यावे असं माझं मत आहे. एक निर्देशक वाढवला की तो भरणारी बाई कोण हे पण सोबत लिहा, कारण ती बहुतेक वेळा अंगणवाडी सेविका नाहीतर आशाताई असते, तिच्याकडे आधीच रजिस्टर अन् मोबाइलमधले फॉर्म आहेत, अन् तिला वेळ मिळाला नाही तं लेकराचं वजन मागच्या महिन्याचंच थोडं वाढवून लिहिलं जातं. तो दोष तिचा नाही.

याला जोडूनच एक गोष्ट प्रशिक्षणात आलीच नाही अन् यायला पाहिजे होती. खरा आकडा सांगणाऱ्याला मीटिंगमधे उभं करून बोलणी बसली तं पुढच्या वेळी कोणी खरा आकडा सांगणार नाही. कुपोषित लेकरं जास्त दाखवली म्हणून सेविकेला झापलं तं लेकरं कागदावर सुधारतील, अंगणवाडीत नाही. सर्चच्या गावांत मृत्यूची नोंद गावातली बाई करायची अन् पुन्हा 6 महिन्यांनी घरोघर फिरून दुसऱ्यांनी तपासायचं, म्हणजे विश्वास पण होता अन् पडताळणी पण. आपल्याकडे पडताळणी म्हणजे चूक पकडणं असं झालं आहे. या एका विषयावर अर्धा दिवस ठेवला तं मी पाचवा स्टार आनंदाने देईन.

अन् शेवटची सूचना आयोजकांना. जाताना फीडबॅक फॉर्म दिला, त्यात विचारलं होतं जेवण कसं होतं, प्रशिक्षक कसे होते, प्रशिक्षण आवडलं का. दोन दिवस ज्यांनी आम्हाला शिकवलं की वाटलेल्या गोळ्या मोजू नका, त्यांनी स्वतःचं काम मात्र हजेरीवर अन् आवडलं-नाही आवडलं वर मोजलं. मी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं की 6 महिन्यांनी आलेल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला फोन करा, आराखड्यातलं एक तरी उद्दिष्ट आकडा अन् तारीख टाकून बदललं का विचारा, बदललं नसेल तं काहून नाही ते विचारा, अन् छेदात बोलावूनही न आलेल्या ग्रामपंचायती पण धरा. मॅडमनी तो कागद वेगळा काढून पर्समधे ठेवला. फोन अजून आलेला नाही, मुदत व्हायची आहे.

पुढची बॅच 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या बरीच आधी घ्या, ही पण विनंती. आराखड्याचं काम तिथून जोर धरतं, त्यानंतर शिकून आलेल्या सदस्याच्या हातात वर्षभर काही राहत नाही. जे जाणार आहेत त्यांनी आपल्या गावच्या आराखड्याची झेरॉक्स, अंगणवाडीचा मागच्या महिन्याचा अहवाल अन् पाणीपट्टीची यादी सोबत न्या, अन् शक्य असेल तं सचिवांना किंवा एखाद्या आशाताईला जोडीने घेऊन जा, एकट्याने शिकून आलं की गावात समजवायलाच दोन महिने जातात.